टाळ्या वाजवणारी मुले

अंबाजोगाई, आश्विन शुद्ध पंचमी

मामाकडून भाचीस.

भाचीने पत्रात विचारणा केली आहे ती तिच्या वर्गाच्या शनिवारच्या तासिकांसाठी दहा मनोरंजक आव्हानांची, आणि त्या विचारण्यात गैर काहीच नाही. पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ राबवण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतल्यापासून हा प्रश्न अनेक द्विशिक्षकी शाळांपुढे आहे. परंतु त्याच पत्राच्या अखेरीस, जणू जाता जाता, जे वाक्य आले आहे त्याने मामाला दोन रात्री झोप लागू दिलेली नाही. ऊसतोडीच्या फडावरून परतलेली तीन मुले अभ्यासात मागे पडल्यामुळे त्यांना स्पर्धेत घेता येत नाही, म्हणून ती कडेला बसून टाळ्या वाजवतात आणि वेळ मोजतात, असे ते वाक्य आहे. धारूरच्या वाड्यात इतर मुलांपासून बाजूला पडून, जिन्याखाली बसून जिने एक अख्खा उन्हाळा काढला, तिच्याच हातून हे लिहिले जावे, याचे दुःख आधी नोंदवणे भाग आहे.

प्रथम ‘आव्हान’ या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. प्राथमिक वर्गातील आव्हान म्हणजे मुलाच्या आजच्या आवाक्याच्या किंचित पलीकडचे, परंतु सोबत्याच्या किंवा शिक्षकाच्या थोड्या आधाराने साधणारे काम. मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, त्यांमधील अंतराला रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की (१८९६–१९३४) यांच्या सिद्धान्तात ‘समीपस्थ विकासक्षेत्र’ असे नाव आहे, आणि शिकण्याची खरी जागा हे अंतरच होय. स्पर्धेचा हेतू निराळा असतो. तीत कोण पुढे आहे एवढेच ठरते, आणि ते बहुधा शिक्षकाला आधीच ठाऊक असते. भाचीच्या फलकावर जूनपासून त्याच चौघांच्या नावांपुढे चांदण्या वाढत आहेत, याचा अर्थ असा की त्या चौघांना उत्तरे येतच होती, म्हणून त्यांच्यापुढे आव्हान नव्हते. आणि इतरांना विचार करण्यापूर्वीच उत्तर ऐकू आले, म्हणून त्यांच्यापुढचे आव्हान निघून गेले. फलकाने शिकवले कोणालाच नाही. घड्याळ लावून खेळ रंगतो असे भाचीला वाटते, परंतु सात वर्षांच्या मुलाला घाईत जे सुचते ते पाठांतर असते. विचाराला वेळ लागतो, आणि तो वेळ देणे हेच शिक्षकाचे पहिले काम आहे.

दहांची मागणी असली तरी येथे तीनच खेळ सांगितले आहेत, कारण तीन नीट झाले तर उरलेले वर्ग स्वतःच रचतो.

पहिला खेळ संख्यांच्या नावांचा. मराठीत ‘एकवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर, परंतु लिहिताना दशक आधी येतो. ही उलटापालट लहान मुलाला किती जड जाते हे ओळखूनच बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस एक’ अशी जोडवाचनाची रीत दिली गेली, आणि तिच्यावर राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांना त्या वेळी बरेच ऐकून घ्यावे लागले. त्यांचा हेतू मुलाच्या बाजूचा होता, हे मात्र थोड्यांनीच पाहिले. वाद बाजूला ठेवून त्यातील कोडे वर्गाला द्यावे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस या नावांत ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे. ही खूण एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्व्याण्णवापाशी तुटते. ती कोठे तुटते हे मुलांनी स्वतः शोधावे. चौघांच्या गटात एकाने संख्येचे नाव सांगावे, दुसऱ्याने काड्यांचे दहा-दहांचे जुडगे बांधावे, तिसऱ्याने पाटीवर अंक लिहावा, चौथ्याने पुढच्या दशकाला किती उणे ते सांगावे आणि मग जागा बदलाव्यात. प्रत्येकाची चारही कामे झाल्यावरच वर्गाची फेरी पूर्ण समजावी. येथे फडावरून आलेले मूल मागे नाही, हे भाचीने ध्यानी घ्यावे. सुट्या उसांची मोळी, मोळ्यांनी भरलेली गाडी आणि गाडीचे काट्यावरचे वजन त्याने रोज पाहिले आहे. सुट्यांना बांधून मोठे एकक करणे ही दशकामागची कल्पना त्याच्या डोळ्यांपुढे घडलेली असते, आणि तिला वर्गातले नाव देणे एवढेच शिक्षिकेकडे उरते.

दुसरा खेळ अंदाजाचा. बालाघाटाच्या डोंगरात सध्या सीताफळाचा हंगाम आहे, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी बांधलेल्या गुणांची कायदेशीर ओळख, मिळालेले आहे. एका फळात बिया किती निघतील याचा अंदाज प्रत्येक मुलाने लिहावा, मग फळ वाटून खावे, बिया धुऊन दहा-दहांच्या ढिगांत मोजाव्यात आणि अंदाज व मोजणी यांतील फरक सर्वांचा मिळून एकत्र करावा. पुढच्या शनिवारी तो एकत्रित फरक कमी करणे हे साऱ्या वर्गाचे आव्हान. वर्गाने स्वतःच्या मागच्या आठवड्याशीच झुंजावे. धारूरच्या वाड्यात आबांनी मुलांना चिंचोक्यांवर जो हिशेब शिकवला तो याहून वेगळा नव्हता, आणि त्या हिशेबात कोणाचे नाव कधी भिंतीवर लागले नाही, हेही भाचीला आठवत असेल.

तिसरा खेळ मामाच्या विशेष आवडीचा आहे. याच अंबाजोगाईत दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर ‘पंचीकरण’, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी कशी घडते याचे विवेचन, ओव्या आणि आकृत्या यांच्या साहाय्याने लिहिले. ते कापड, म्हणजे दासोपंतांची पासोडी, हा मराठीतला एक प्रचंड शैक्षणिक तक्ताच होय. वर्गाने जुन्या धडप्यांची किंवा कागदांची अशीच एक पासोडी जोडावी. विषय ‘गावापासून फडापर्यंतची वाट’ असावा, प्रत्येकाच्या वाट्याला हातभर जागा यावी, तिच्यात एक चित्र आणि तीन वाक्ये असावीत, आणि प्रत्येकाने शेजाऱ्याची जागा वाचून तिच्यावर एक प्रश्न लिहावा. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या ऑस्टिन शहरात वेगवेगळ्या वंशांची मुले प्रथमच एका वर्गात आली तेव्हा त्यांच्यातील तेढ कमी करण्यासाठी मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये याच तत्त्वावर पाठ रचले होते: पाठाचा एकेक तुकडा एकेका मुलाकडे द्यायचा, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याची गरज पडते. भाचीच्या वर्गात फडावरची कोपी, उसाच्या वाढ्यांची भारी, पहाटेची गाडी आणि कारखान्याची चिमणी यांचा तुकडा फक्त त्या तिघांकडे आहे. चांदण्या मिळवणाऱ्या चौघांना त्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन विचारावे लागेल.

यासाठी बाहेरगावी प्रशिक्षणाला जाण्याचे कारण नाही. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम २००९ मध्ये सुरू झाला तो याच बीड जिल्ह्यातील पाचशे जिल्हा परिषद शाळांतून. जोडीने चर्चा, गटात काम आणि सहयोगी खेळ, म्हणजे सर्वांनी मिळून जिंकायचे खेळ, ही त्याची साधने होती, आणि पुढे तो राज्यभर गेला. जिल्ह्याने जे राज्याला दिले ते जिल्ह्यातल्याच एका वर्गात विसरले जावे, याला काय म्हणावे? दोष एकट्या भाचीचा नाही. चौकाचौकांत गुणवंतांचे फलक लागतात, पहिल्या तिघांचे सत्कार होतात, आणि चौथ्यापासून चाळिसाव्यापर्यंतच्या मुलांना आपण कशासाठी शाळेत आलो हे कोणी सांगत नाही. पावकी, निमकी, सवायकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे धारूरच्या वाड्यातल्या मुलांनी एका सुरात म्हटली तेव्हा त्या सुरात अडखळणाऱ्याचाही आवाज सामावला जाई. त्या रीतीत घोकंपट्टीचा दोष होताच. तरी कडेला बसवण्याचा दोष तिच्यात नव्हता. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, परंतु हजेरीपटावर उपस्थित आणि शिकण्यात गैरहजर अशा मुलाला तो शोधू शकत नाही. त्याला वर्गावरची बाईच शोधू शकते.

खरी काळजी याच्याही पुढची आहे. दसरा उलटला की मुकादमांच्या गाड्या भरू लागतील, उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली ऊसतोड जोडपी कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि कर्नाटकाकडे निघतील, आणि ती तीन मुले आजीजवळ राहतात की कोयत्यामागे जातात हे ठरवण्याचे दिवस हेच आहेत. राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाच्या, म्हणजे स्थलांतरित पालकांच्या मुलांची गावातच जेवणाची व निवासाची सोय करणाऱ्या योजनेच्या, यादीत त्यांची नावे गेली आहेत का? जाणार असतील तर शिक्षण हमी पत्रक, म्हणजे मूल कोणत्या इयत्तेत व कोणत्या पातळीवर आहे हे तिकडच्या शाळेला सांगणारा कागद, त्यांच्या हाती पडला आहे का? पत्रात याविषयी एक ओळही नाही. खेळांची मात्र दोन पाने आहेत. जे मूल वर्गात टाळ्या वाजवण्यापुरते असते, त्याला राहू देण्यासाठी घरच्यांकडे हट्ट धरावा असे कशामुळे वाटेल? ज्याच्यावाचून वर्गाची पासोडी अपुरी राहते, ते मूल कदाचित तसा हट्ट धरील. आणि आजीही कदाचित ऐकेल.

भाचीचा खोकला अजून गेलेला नाही असे ताईकडून कळले. घाटातून दुचाकीवर ये-जा करताना कान बांधावेत आणि काढा टाळू नये.

चांदण्यांचा फलक उद्याच उतरवावा. त्या जागी पासोडीचे पहिले कापड लावावे आणि त्यावरची पहिली जागा त्या तिघांना द्यावी. मग तिघांच्याही घरी जाऊन यावे; दसरा पाच दिवसांवर आहे.

मामाचे अनेक आशीर्वाद.