दुनळी रिकामी होते तेव्हा

१/ वाकोला म्हटले की आज डोळ्यांपुढे येतो तो महामार्गावरचा पूल, त्याखाली तुंबलेली वाहने आणि डोक्यावरून उतरणारी विमाने. महसुली दप्तरात मात्र हा परिसर ‘कोळे-कल्याण’ या जुन्या गावात मोडतो. साष्टी बेटाचा हा सखल भाग. पावसाळ्यात येथे भातखाचरे भरत, हिवाळ्यात त्यांत ओल टिकून राही आणि पुढे मिठी नदीच्या अंगाला खाजणे लागत. अशा चिखलात दरवर्षी एक पाहुणा उतरे : पाणलावा. त्याच्यामागे लागलेल्या दुनळी बंदुकीचा आणि ती रिकामी झाल्यावर पुन्हा भरायला लागणाऱ्या वेळेचा हा इतिहास.

२/ पाणलावा मुठीएवढा, वजनाने साधारण शंभर ग्रॅमचा पक्षी. अंगावर वाळलेल्या गवतासारखे पिवळे-तपकिरी पट्टे, चोच सरळ आणि लांबलचक. ती चिखलात खुपसल्यावर तिचे फक्त टोक उघडून तो आतला किडा पकडतो. उत्तर आशियात वीण करून हे पक्षी ऑगस्टअखेरीस व सप्टेंबरात कोकणात येऊ लागतात आणि वसंतात परततात. माणूस अगदी जवळ येईपर्यंत पाणलावा दबून बसतो. मग एकाएकी उसळतो आणि नागमोडी वळणे घेत दूर जातो.

३/ या उड्डाणाने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला. पाणलाव्याला इंग्रजीत ‘स्नाइप’ म्हणतात. त्याला टिपणे अवघड, म्हणून १७७० च्या दशकात हिंदुस्थानातील इंग्रज फौजेत ‘स्नायपिंग’ हा शब्द वापरात आला. आधी तो पाणलाव्याच्या शिकारीसाठी होता, पुढे आडून नेमका नेम धरण्यासाठी रूढ झाला. आजचा ‘स्नायपर’ याच चिखलातून उठलेला आहे. योगायोग असा की त्याच दशकात, १७७४ च्या डिसेंबरात, इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७३७ पासून मराठ्यांकडे असलेली साष्टी त्यांच्या हाती गेली.

४/ शिकाऱ्याची खरी अडचण नेमाच्या पुढची होती. पाणलावे बहुधा एकेक, दोनदोन करून उठतात. पहिला उडतो, बार होतो. त्या आवाजाने दुसरा उडतो, दुसरा बार होतो. आणि नेमका त्याच वेळी पायाजवळून तिसरा, चौथा उसळतो. शिकाऱ्याच्या हातात तेव्हा असते दोन रिकाम्या नळ्यांचे जड लोखंड. दुनळी बंदुकीची पुढची शंभर वर्षांची सुधारणा या एका क्षणाभोवती फिरत राहिली. बंदूक रिकामी असण्याचा काळ किती कमी करता येईल?

५/ ठासणीच्या बंदुकीत तो काळ फार मोठा होता. ‘ठासणे’ या क्रियापदावरूनच तिला नाव मिळाले. बंदूक उभी धरायची, तोंडातून मोजून दारू ओतायची, तिच्यावर डाट घालून गजाने ठासायचा, मग छर्रे, वर आणखी एक डाट. हाच क्रम दुसऱ्या नळीसाठी. शेवटी दोन्ही घोड्यांखालच्या बोंडांवर तांब्याच्या चिमुकल्या टोप्या बसवायच्या. सराईत हातालाही दोन्ही नळ्यांसाठी मिनिटभर सहज लागे. चिखलात, ओल्या बोटांनी, याहून अधिक.

६/ या घाईत जीव जात. एकच नळी उडवून शिकारी ती भरू लागे, तेव्हा शेजारची नळी भरलेली आणि तिचा घोडा चढलेला असू शके. गज ठासणारा हात नेमका तिच्या तोंडावर. कधी विसरून एकाच नळीत दोनदा दारू पडे आणि नळी फुटे. म्हणून जुने जाणकार पहिला नियम सांगत : भरण्याआधी दुसऱ्या नळीचा घोडा उतरवा. जलद भरण्याची विद्या सुरुवातीपासून सुरक्षित भरण्याच्या विद्येला बांधलेली होती.

७/ या मिनिटाकडे पक्ष्याच्या बाजूनेही पाहता येते. शिकारी गज शोधत असताना उरलेले पाणलावे दूरच्या खाचरात जाऊन पुन्हा दबून बसत. दिवसभरात किती पक्षी पडतील याची मर्यादा शिकाऱ्याच्या दयेवर किंवा सरकारी हुकमावर अवलंबून नव्हती. ती बंदुकीच्या बांधणीतच होती. कोणी न ठरवलेला, पण पाळावाच लागणारा तो नियम होता.

८/ हा नियम मोडला पॅरिसच्या कारखान्यात. १८३५ च्या सुमारास कासिमिर लेफोशो या बंदूककाराने नळ्या बिजागरीवर खाली वाकतील आणि मागून काडतूस घालता येईल अशी बंदूक बनवली. दारू, डाट, छर्रे आणि पेटवण्याची सोय सगळे एकाच पुठ्ठ्याच्या नळकांड्यात. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ही बंदूक पाहिल्यावर इंग्लिश कारागीर तिच्यामागे लागले. १८६० च्या दशकात मध्यभागी टोपी असलेले काडतूस आले आणि १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर लंडन-बर्मिंगहॅमचा माल मुंबईला झपाट्याने पोहोचू लागला. मिनिटाचे काम काही सेकंदांवर आले.

९/ ‘बारा बोअर’ हा शब्द मात्र ठासणीच्या काळाचा वारसा आहे. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्यावी. अशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम भरले, तर ती नळी बारा बोअरची. म्हणूनच आकडा वाढतो तशी नळी बारीक होते : वीस बोअर ही बारा बोअरहून लहान. पाणलाव्यासाठी नळीत एकच गोळी कधीच नसे. बारीक छऱ्यांचा फवारा असे.

१०/ नव्या बंदुकीतही वेळ खाणाऱ्या दोन गोष्टी उरल्या होत्या. पहिली, बाहेरचे दोन घोडे दर वेळी अंगठ्याने चढवावे लागत. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातील अॅन्सन आणि डीली यांनी घोडे आत घेतले आणि अशी रचना केली की नळ्या खाली वाकवताच ते आपोआप चढावेत. दुसरी गोष्ट म्हणजे उडालेली टरफले. ती थोडीशी वर सरकत, पण नखाने धरून ओढून काढावी लागत. १८७० च्या दशकापासून त्यावर स्प्रिंगचा ‘इजेक्टर’ आला. बंदूक उघडताच तो उडालेले टरफल मागे भिरकावी आणि न उडालेले काडतूस जागेवरच ठेवी.

११/ कोकणात या दुसऱ्या अडचणीला वेगळी धार होती. पुठ्ठ्याचे काडतूस दमट हवेत फुगते. फुगलेले काडतूस घरात नीट बसत नाही, आणि बसलेच तर बारानंतर तिथेच अडकते. साष्टीच्या चिखलात उभ्या असलेल्या शिकाऱ्याला काडतुसे कोरडी ठेवणे हे नेमाइतकेच महत्त्वाचे होते. पितळी टरफले वापरण्याचे एक कारण हेच. पुढे बिनधुराची दारू आली, तेव्हा आणखी एक विलंब संपला. काळ्या दारूचा धूर ओल्या, संथ हवेत समोरच लोंबकळत राही आणि दुसरा पक्षी त्याच्यामागे नाहीसा होई.

१२/ यंत्राने आपले काम केल्यावर उरला हात. तरबेज शिकाऱ्यांची रीत थोडक्यात अशी. काडतुसे खिशात किंवा पट्ट्यात नेहमी एकाच दिशेने, म्हणजे न पाहता हाताला त्यांचे बूड लागते. दोन काडतुसे आधीच डाव्या हाताच्या बोटांच्या फटींत धरलेली. बार होताच उजव्या अंगठ्याने कळ सरकवून नळ्या खाली, टरफले बाहेर, दोन्ही काडतुसे एकदम आत. मग नळ्या झटक्याने वर न आणता दस्ता वर उचलून बंदूक मिटायची, म्हणजे तोंड जमिनीकडेच राहते. बोट चापाबाहेर. आणि या सगळ्यात नजर हातांकडे नाही, खाचराकडे. घाई करणाऱ्याची काडतुसे चिखलात पडत. ठरलेला क्रम न सोडणाऱ्याची बंदूक आधी भरून होई.

१३/ श्रीमंतांनी तर हा क्षणही विकत घेतला. सारख्याच घडणीच्या दोन दुनळ्या आणि मागे उभा असलेला, बंदूक भरून देणारा गडी. रिकामी मागे, भरलेली पुढे. या अदलाबदलीची तालीम घरात केली जाई. अशा व्यवस्थेचा हिंदुस्थानातील कळस भरतपूरच्या केवलादेव तळ्यावर झाला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तिथल्या दगडावर तो आकडा कोरलेला आहे. त्याच दिवशी, मुंबईत जन्मलेल्या सालिम अलींना ४२ वर्षे पूर्ण होत होती. रिकाम्या बंदुकीचा क्षण नाहीसा झाला की काय होते, हे तो आकडा सांगतो.

१४/ हा वेग सर्वांच्या वाट्याला आला नव्हता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना आवश्यक केला, तर युरोपियनांना नियमांनी सूट दिली. ज्याचे खाचर होते तो बांधावरून पाहत असे किंवा मजुरीवर हाका करून पक्षी उठवत असे. पडलेला पाणलावा चिखलातून शोधून आणणेही अशाच गड्याचे काम. बंदूक भरण्याची गती मोजणाऱ्या पुस्तकांत या माणसांची नावे सहसा सापडत नाहीत.

१५/ बंदुकीतली मर्यादा गेल्यावर ती कागदावर आणावी लागली. १८८७ चा पहिला वन्यपक्षी कायदा आणि १९१२ चा दुसरा, दोन्हींचा भर विणीच्या हंगामात पक्ष्यांना अभय देण्यावर होता. १९१२ च्या यादीत रंगीत पाणलावा होता, कारण तो इथेच घरटे करतो. हजारो किलोमीटर दूर वीण करून येणाऱ्या पाहुण्या पाणलाव्याला अशा बंद मोसमाचा काय उपयोग? तो इथे असे तेव्हा शिकारीचा मोसम ऐन भरात असे, आणि बंदीचे महिने सुरू होत तेव्हा तो निघून गेलेला असे.

१६/ बदल घडवणाऱ्यांत स्वतः बंदूक हाताळलेली माणसे होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झाली तेव्हापासून तिच्यात शिकारी आणि अभ्यासक एकत्र बसत. हुमायून अब्दुलअली (१९१४–२००१) हे दोन्ही होते. शिकारीची आवड असलेल्या या पक्षितज्ज्ञाने सालिम अलींसह ‘मुंबई व साष्टीचे पक्षी’ ही लेखमाला १९३६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात लिहिली, आणि मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायद्याच्या घडणीत महत्त्वाचा वाटा उचलला. बंदूक किती वेगाने भरते हे ज्याला हाताने ठाऊक आहे, त्यालाच तिला थांबवण्याची निकड अधिक कळत असावी. पुढे १९७२ चा देशव्यापी कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपुष्टात आले.

१७/ कायदा जिंकला तेव्हा वाकोल्याची खाचरे मात्र उरली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझला विमानतळ वाढला, नंतर वसाहती आल्या, कालिन्याला विद्यापीठाची विद्यानगरी उभी राहिली, झोपड्या आणि कारखाने नाल्याच्या काठापर्यंत पोहोचले. यांतल्या कोणाच्याच हातात बंदूक नव्हती. लोकांना घरे हवी होती, शहराला धावपट्टी हवी होती. पण पाणलाव्याची चोच शिरेल अशी मऊ, ओली जमीन सिमेंटखाली गेली. चुकलेल्या बारानंतर पक्षी दुसऱ्या खाचरात जाऊन बसत असे. आता बसायला दुसरे खाचर नव्हते.

१८/ ती जमीन पाणीही धरून ठेवत होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा मिठीला मिळणाऱ्या वाकोला नाल्याकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. असा पाऊस कुठल्याही शहराला जड जाता. तरीही ज्या सखल भागात एके काळी पाणी महिनोन्‌महिने हक्काने थांबत असे, तिथे त्याला थांबायला जागा उरली नव्हती, हेही तितकेच खरे.

१९/ दुनळीच्या इतिहासातून एवढे हाती लागते : हत्यार जेव्हा संथ असते तेव्हा ते आपल्या मालकालाही थोडे आवरते. तो संथपणा काढून टाकणारे कारागीर दुष्ट नव्हते. त्यांच्यापुढे एक नेमका प्रश्न होता आणि त्यांनी तो सुरेख सोडवला. पण ठासणीच्या त्या मिनिटात जी मर्यादा फुकट मिळत होती, ती पुन्हा उभारायला कायदेमंडळे, परवाने, पहारे आणि शंभराहून अधिक वर्षे लागली. जमिनीच्या बाबतीत तर तशी मर्यादा वाकोल्यात वेळेवर उभारलीच गेली नाही.

२०/ पाणलावा अजून येतो. मुंबईच्या भोवताली जिथे ओले खाचर किंवा पाणथळ कडा शिल्लक आहे, तिथे पावसाळा सरताना तो उतरतो, दबून बसतो आणि पावलाच्या चाहुलीने नागमोडी उसळतो. आता त्याच्यावर रोखली जाते ती दुर्बीण. ती भरावी लागत नाही आणि तिसरा पक्षी उठला तर तोही पाहता येतो.