वाऱ्याचा तळ

कामशेतच्या टेकडीवर पॅराग्लायडिंग शिकवताना आधी उतरवावं लागतं ते आकड्याचं भूत. हातातलं मीटर नाचवत पोरं विचारतात, ‘‘सर, अठरा दाखवतंय. जाऊ?’’ ताशी १८ किलोमीटर हा वारा उत्तमच. पण वारा १५ ते २१ मध्ये खेळतोय की १० वर पडून २८ ला उसळतोय, हे त्या एका आकड्यात कुठे दिसतं? वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. २० चे २८ झाले की विंगवरची ओढ दुप्पट होते आणि उभा माणूस मागे खेचला जातो. म्हणून बसायचं आणि झुळकांमधल्या खंडाकडे बघत राहायचं. आमच्यात याला ‘पॅरावेटिंग’ म्हणतात. हसण्यावारी नेतात, पण माझ्या मते अर्धी विद्या तीच.

या झुळकांचं मूळ जमिनीपाशी आहे. वाहती हवा पृष्ठभागाला टेकते तिथे तिचा वेग शून्य होतो आणि सगळी ओढाताण त्यालगतच्या थरात चालते, हे जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये मांडलं. वातावरणाचाही जमिनीच्या धाकातला असा एक थर आहे. दख्खनच्या पठारावर तो रात्री एक-दोनशे मीटरवर आक्रसतो, एप्रिलच्या दुपारी दोन-तीन किलोमीटरपर्यंत फुगतो. आमचं बहुतेक सगळं उडणं या थराच्या आतच. त्यामुळे आकाशापेक्षा मी खालचं रान जास्त बघतो.

नांगरलेली काळी जमीन, उघडा कातळ, पत्र्याची छपरं चटकन तापतात. पवना धरणाचं पाणी मात्र तसंच थंड. तापलेली हवा लगेच सुटत नाही. रानाला चिकटून बसते, मग एखाद्या बांधाला किंवा झाडांच्या रांगेला अडखळून वर निघते. चढताना ती दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी थंड होते. भोवतालची हवा तिच्याहून गार असेतोवर चढतच राहते. हाच थर्मल. त्यात शिरलं की चढण्याचा वेग सांगणारा व्हेरिओ चिवचिवू लागतो, सेकंदाला दोन-तीन मीटर सहज. त्याच्या कडेला मात्र हवा खाली जात असते आणि तिथेच विंगचं एक टोक गपकन मिटतं. ज्या खळबळीला पोरं घाबरतात, तिच्याच जोरावर तासभर वर राहता येतं. घारींना हे शिकवावं लागत नाही. घार गोल फिरताना दिसली की मी निमूटपणे तिच्याकडे वळतो.

टेकऑफवर वारा अचानक पडला की नवख्यांना हायसं वाटतं. मला नाही वाटत. पुढे दरीत थर्मल सुटत असला तर तो आजूबाजूची हवा स्वतःकडे ओढून घेतो. त्यामागून जो झोत येतो तो कसा असेल, सांगता येत नाही.

उन्हाळ्यात मावळात भातासाठी राब भाजतात. त्या धुरासारखा गुरू नाही. वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर धूर अंगाला लागून सरळ वर चढतो. धारेपलीकडे तोच धूर खाली कोसळतो, वळतो आणि चक्क उलटा डोंगराकडे येतो. हा रोटर. त्या बाजूला कितीही मोकळं, हिरवं मैदान दिसो, तिकडे जायचं नाही. आंब्याचं झाडही लहान प्रमाणात हेच करतं, त्यामुळे लँडिंगला झाडाच्या आडोशाला उतरू देत नाही.

आणि लँडिंग म्हणजे पुन्हा प्रांट्ल. समोरून येणारा वारा जमिनीजवळ झपाट्याने मंदावतो. विंगला मिळणारा हवेचा वेग अचानक घटतो आणि ती खाली बसते. घाबरून ब्रेक ओढले की उरलासुरला वेगही जातो. हात वर ठेवून वेग राखायचा, पाय जमिनीपासून मीटरभरावर आले की मगच दोन्ही ब्रेक पूर्ण खेचायचे. हे वर्गात फळ्यावर काढून दाखवतो, सगळे माना डोलावतात. प्रत्यक्षात मात्र वॉकीवर एवढंच ओरडावं लागतं: ‘‘हात वर! अरे, हात वर!’’