उचल

उचल हा शब्द मराठीत दोन ठिकाणी हमखास भेटतो : नोकरदाराच्या अर्जात आणि वायरमनच्या तोंडी. सणासुदीला आम्ही उचल घेतो. मोटर मात्र ‘उचल घेत नाही’. या दोन्ही उचली सख्ख्या बहिणी आहेत, हे ज्ञान मला बी. कॉम.च्या तीन वर्षांत झालं नाही. ते एका बेकरीत अर्ध्या तासात झालं.

आमच्या एका बेकरीवाल्या खातेदाराने ७.५ हॉर्सपॉवरच्या मोटरीसाठी कर्ज मागितलं होतं. मैदा मळणाऱ्या यंत्राला त्याने वेग कमी-जास्त करणारा ड्राईव्ह बसवला, आणि तेव्हापासून ५ हॉर्सपॉवरची मोटर भरल्या भांड्यासमोर नुसती गुणगुणे आणि बंद पडे. पहिल्या कर्जाचे हप्ते अजून चालूच होते. शाखाधिकाऱ्यांनी पाहणीला मला धाडलं. तेही सोमवारी सकाळी! उठता न येणाऱ्याची पाहणी उठता न येणाऱ्यानेच करायची.

तिथे वायरमन भेटला. तो म्हणाला, “साहेब, तुमचा पहिला पगार आठवा. घरभाडं गेलं की हातात काय उरायचं?”

“काही नाही.”

“हिचंही तेच. वेग कमी करायचा तर ड्राईव्ह हर्ट्‌झबरोबर व्होल्टही कमी करतो. ५० हर्ट्‌झला ४१५ व्होल्ट, तर ३ हर्ट्‌झला जेमतेम २५. त्यातले समजा १० गुंडाळीच्या तारेतच जिरले. राहिले १५, म्हणजे साठ टक्के. आणि जोर उतरतो वर्गाने, म्हणजे छत्तीस टक्क्यांवर! ४१५ मधून १० गेले तर कोण विचारतो?”

गुंडाळीची तार म्हणजे घरमालक, हे मला तत्काळ पटलं.

मग त्याने वीज बंद करून पट्टा काढला, यंत्र हाताने फिरवून पाहिलं. कुठे अडकत नव्हतं. मोटरीवरची पट्टी वाचून जोडणी तपासली. डेल्टाची मोटर स्टारमध्ये बांधली तर जोर एक-तृतीयांशच राहतो म्हणे. ती ठीक होती. ड्राईव्हमध्ये मात्र भलत्याच लहान मोटरीचे आकडे भरलेले. ते बदलले, वेग धरायला दोन सेकंदांऐवजी आठ दिले आणि सुरुवातीचे व्होल्ट थोडे वाढवले.

“ही सणाची उचल,” तो म्हणाला. “पण बेतानं. जास्त दिली तर मोटर तापते. आणि हिचा पंखा हिच्याच दांड्यावर, तोही सावकाश फिरतो.”

“आणि मोठी मोटर?”

“ती ह्याच ड्राईव्हकडे आणखी जास्त करंट मागेल, नि तो आणखी लवकर बंद पडेल.”

भरलं भांडं फिरलं. बेकरीवाल्याने माझ्यादेखत अर्ज फाडला, आणि त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर मी प्रथमच हसू पाहिलं.

साहेबांना अहवाल दिला : मोटर सुदृढ, कर्जाची गरज नाही. साहेब गंभीर झाले. शाखेचं कर्जवाटपाचं उद्दिष्ट अपुरं होतं. त्या दिवशी माझ्या दिवाळीच्या उचलीचा अर्ज मी खिशातच ठेवला.