वाल आणि राब यांच्यामधले दोन दिवस

शेतकऱ्याच्या घरी सुट्टी अशी नसतेच. आमच्या कल्याण तालुक्यात भात झोडून झाले की वाल, वाल निघाले की राब भाजायची घाई, आणि गुरेढोरे तर बारा महिने. पण चैत्रात वाल घरात आलेले असतात आणि राब अजून पेटवायचा असतो, तेव्हा चार दिवस हाताला उसंत मिळते. यंदा त्यातले दोन दिवस आम्ही बोर्डीला काढले.

निघायला कारण झाल्या सासूबाई. सत्तरी उलटली तरी त्यांनी खाडीच पाहिलेली, उघडा समुद्र कधी नाही. शिवाय घरात त्या दिवसांत बरे बोलणे नव्हते. भावजी म्हणत, जमीन बिल्डरला देऊ. आमचे हे म्हणत, मुळीच नाही. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "आधी मला समुद्र दाखवा, मग काय ते भांडा." शेजाऱ्यांवर गुरे सोपवली आणि भावजींनाही बरोबर घेतले.

कोपरहून वसईची गाडी, तिथून विरार आणि विरारहून डहाणूची लोकल. ही लोकल 2013 पासून डहाणूपर्यंत जाते, त्यामुळे आमच्यासारख्यांची मोठी सोय झाली आहे. पुढे रिक्षाने घोलवडवरून बोर्डी.

बोर्डीचा किनारा सपाट, काठाला सुरूची झाडे. आम्ही गेलो तो शुद्ध त्रयोदशीचा दिवस. भरतीचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करावी; तेरा तिथीचे पावणेदहा. त्या सुमारास भरती, नि सुमारे सहा तासांनी ओहोटी. चार वाजता पाणी इतके दूर गेले, की सासूबाई पदर खोचून मैलभर ओल्या वाळूत चालल्या. मुले शंख वेचीत होती.

वाटेत बोंबील वाळत घालणारी एक मावशी भेटली. डहाणू तालुका केंद्र सरकारने 1991 साली पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. त्याच तालुक्यात वाढवणला मोठे बंदर व्हायचे आहे, 2024 च्या ऑगस्टमध्ये त्याची पायाभरणी झाली. मावशी म्हणाली, "कुणी म्हणतं नोकऱ्या मिळतील, कुणी म्हणतं मासा जाईल. आमच्या घरात दोन तोंडं झालीत." हे आणि भावजी एकमेकांकडे बघून गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी घोलवडला चिकूची वाडी पाहिली. इथल्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. राखणदाराने लांब काठीला बांधलेल्या जाळीने फळ उतरवून दाखवले. फळावरचा भुरका कोंडा झडला आणि नखाने ओरखडल्यावर आत हिरव्याऐवजी पिवळट दिसले, की काढायचे. चिकू झाडावर पिकायची वाट बघत नाहीत, तो घरात पिकतो. कलम बांधतात ते खिरणीच्या रोपावर.

भावजींनी विचारले, "एकरी झाडं किती?"

"दहा मीटरवर एक लावलं तर चाळीस. पण दादा, ही झाडं आमच्या शेठच्या आजोबांनी लावलीत."

त्यावर भावजी मोकळेपणाने बोलले, "लावायला माझी ना नाही. पण माझी दोन्ही मुलं डोंबिवलीत भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांना घर कुठून देऊ?" हा प्रश्न इतके दिवस भांडणाच्या आवाजात कुणाला ऐकूच आला नव्हता.

त्या रात्री सुरूखाली दोघे भाऊ तासभर बोलले, आवाज न चढवता. ठरले एवढेच, की भाताची खाचरे विकायची नाहीत. वरकस तुकड्याचे काय करायचे ते पावसाळ्यानंतर बघू, आणि तोवर कुणाकडून बयाणा घ्यायचा नाही. अडचण संपली असे मी म्हणणार नाही. मुलांना घर हवे आहे, ते हवेच आहे. पण आता घरात त्यावर बोलता येते.

मैत्रिणींनो, दोन दिवस बाहेर पडायला फार खर्च लागत नाही. घरची भाकरी, पाण्याची बाटली, डोक्याला टोपी किंवा पदर घ्यावा, आणि तिथीवरून भरती-ओहोटी बघून निघावे. पाणी चढत असताना मुलांना आत सोडू नये. आणि म्हाताऱ्या माणसांना घरी राखणीला ठेवू नका, त्यांना आधी न्या.