रिमोट घरात, वही परगावी

हार्मनी नावाच्या रिमोटचे उत्पादन थांबून काही वर्षे झाली, तरी त्याची कथा मला अजून सलते. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, म्युझिक सिस्टिम या सगळ्यांना मिळून एकच रिमोट, ही कल्पना कॅनडातल्या इंट्रिग टेक्नॉलॉजीज या कंपनीची. 2004 मध्ये ती कंपनी लॉजिटेकने विकत घेतली. मेख अशी की रिमोटमध्ये काय भरायचे ते रिमोटवर ठरतच नसे. कंपनीच्या संकेतस्थळावर खाते उघडायचे, घरातल्या यंत्रांची मॉडेले नोंदवायची, मग तिथला सर्व्हर कोडची एक फाइल बांधून देई आणि ती केबलने रिमोटमध्ये जाई. कंपनीने लिनक्सवाल्यांची सोय केली नव्हती. त्यांनी यूएसबीवरून रिमोट काय बोलतो ते धुंडाळून ‘कॉन्कॉर्डन्स’ हा मुक्तस्रोत प्रोग्रॅम स्वतःच लिहिला. इथवर कौतुकच. पण कॉन्कॉर्डन्स फाइल रिमोटमध्ये चढवू शके. ती बनवून घ्यायला पुन्हा कंपनीच्याच दारात उभे राहावे लागे. पोहरा आपला, दोर आपला, विहीर मात्र दुसऱ्याची! शिवाय त्या विहिरीत पाणी कुणाचे होते? ज्या यंत्राचा कोड कंपनीकडे नसे, त्याचा जुना रिमोट हार्मनीसमोर धरून तो कोड ग्राहकच शिकवत होते. पुढे डिसेंबर 2018 मध्ये एका अपडेटने इतर प्रोग्रॅमना हार्मनीशी घरातल्या घरात बोलता येणारी एक वाट बंद झाली. गिऱ्हाइकांनी ओरड केल्यावर ती वेगळ्या पर्यायातून पुन्हा उघडली. एप्रिल 2021 मध्ये नवे हार्मनी रिमोट बनवणे थांबल्याचे जाहीर झाले आणि लोक वापरताहेत तोवर सेवा चालू ठेवू, असा शब्द मिळाला. तो शब्द पाळला जाईलही. पण पैसे मोजून घेतलेली, टेबलावर पडलेली वस्तू कुणाच्या तरी शब्दावर चालावी, हेच मला खटकते.

कोड म्हणजे काही गुप्तधन नव्हे. बऱ्याच रिमोटमध्ये दिवा सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा लुकलुकतो. एनईसी नावाच्या पद्धतीत आधी 9 मिलिसेकंदांचा ठोका, मग साडेचार मिलिसेकंदांची उसंत आणि त्यामागून 32 बिट: यंत्राचा पत्ता, बटणाचा आकडा आणि चूक होऊ नये म्हणून दोन्हींची उलटी प्रत. टीएसओपी नावाचा तीन पायांचा सेन्सर आणि एक छोटा बोर्ड यांवर हे सगळे वाचता येते. लिर्क हा लिनक्सवरचा प्रकल्प 1990 च्या दशकापासून अशा रिमोटच्या फाइली जमवतो आहे. एसीचे प्रकरण जरा किचकट. त्याचा रिमोट प्रत्येक दाबासरशी तापमान, पंखा, मोड अशी सगळी अवस्था पुन्हा पाठवतो, त्यामुळे एकेका बटणाची नक्कल पुरत नाही. तरी लोकांनी कंपनीगणिक तीही रीत उलगडून ठेवली आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावात कारखाना असलेली व्हिडिओकॉन 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिचे संच मात्र लोकांच्या घरांत राहिले. कोड उघड्या वहीत एकदा उतरला की कंपनी राहिली काय, गेली काय!

यावर कुणीही म्हणेल, दीड-दोनशे रुपयांत बाजारात रिमोट मिळतो, एवढा खटाटोप कशाला? टीव्हीपुरते हे मला मान्य आहे. लिर्कची फाइल लिहिण्यापेक्षा हार्मनीचे संकेतस्थळ कितीतरी सोपे होते, हेही कबूल. मग वरचा माझा सगळा राग निव्वळ हौशी माणसाचा ठरतो का? टीव्हीपाशी थांबलो तर बहुधा हो. पण आपल्या नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) जो रिमोट खरोखर अडतो, तो दिवाणखान्यातला नाही, विहिरीवरचा आहे. थ्री फेज विजेची पाळी रात्रीची, उसात बिबट्या, अशा वेळी दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणाऱ्याला मोटार निदान घरून चालू-बंद करता यावी म्हणून मोबाईल स्टार्टर आले. आत सिमकार्ड, फोन लावला की मोटार चालू. ही चैन नव्हे. त्यातला प्रोग्रॅम मात्र बंद पेटीत. टूजीवर चालणाऱ्या पेटीला उद्या ते नेटवर्क मिळाले नाही, किंवा बनवणाऱ्याने दुकान गुंडाळले, तर धड असलेली पेटीही भंगारात.

खेड्यात प्रोग्रॅमिंग कोण करणार, हा आक्षेप मला मुळातच चुकीचा वाटतो. मोटार तरी प्रत्येक शेतकरी कुठे भरतो? तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगवाला असतो. जळालेले वाइंडिंग सोडवताना तो वेढे मोजतो, तारेचा गेज पाहतो आणि वहीत लिहून ठेवतो. त्या वहीच्या जोरावर नामशेष कंपनीची मोटारही पुन्हा पाणी ओढते. स्टार्टरचा प्रोग्रॅम उघडा असता तर याच दुकानात मोडेम बदलून मिळाला असता. प्रोग्रॅम उघडा केला तर चोर मोटार चालवतील, ही भीतीही तपासून घ्यावी. कुलूप असते ते पासवर्डात आणि नोंदवलेल्या नंबरात, प्रोग्रॅम झाकण्यात नव्हे. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला तर बंद पेटीही उघडीच. केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै 2022 मध्ये समिती नेमली, तिने निवडलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारेही आहेत, नंतर पोर्टलही निघाले. तिथे कंपन्यांच्या सेवा केंद्रांची माहिती मिळते, आणि ती लागतेच. पण सेवा केंद्राचा फोन म्हणजे रिवाइंडिंगवाल्याची वही नव्हे. तांब्याचे वेढे मोजता येतात. काही बोर्डांवर मात्र आयसीवरचा नंबरसुद्धा घासून काढलेला असतो.