कंडेन्सराची पारख

सोन्याची पारख कशी करावी हें सराफास विचारावें, आणि आंब्याची कशी करावी हें कोंकणांतील कोणत्याहि पोरास विचारलें तरी चालेल. परंतु कंडेन्सराची पारख कशी करावी हें विचारावयास आम्ही बाजारांत गेलों, तेव्हां दुकानदारानें आमच्याकडे एकवार निरखून पाहिलें आणि “पंख्याचा कीं पंपाचा?” एवढाच उलट प्रश्न केला. दोहोंचाहि नव्हे, रेडिओच्या अँप्लिफायरचा, असें आम्हीं सांगतांच त्यानें एक पुठ्ठ्याचा डबा पुढें सरकविला. “यांतला कोणताहि घ्या साहेब, सगळे चांगले आहेत.” ‘सगळे चांगले आहेत’ हें विधान कितपत ग्राह्य धरावें, हें तर्कशास्त्राच्या वर्गांत शिकवितां शिकवितां आमचीं जवळजवळ तीस वर्षें गेलीं. तरीहि आम्हीं त्या डब्यांत हात घातला, ही गोष्ट आमच्या शास्त्रास फारशी भूषणावह नाहीं. त्या हात घालण्याचें पुढें काय झालें तें येथें सांगावयाचें आहे.

आम्हांस हौशी रेडिओचें व्यसन आहे. सरकारची परीक्षा देऊन परवाना व एक सांकेतिक नांव मिळवावयाचें, आणि स्वतःच्या यंत्रावरून हजारों कोस दूर असलेल्या अनोळखी माणसाशीं बोलावयाचें, हें त्या व्यसनाचें स्वरूप. प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल असतां हा खटाटोप कशाला, असें आमच्या घरांतील तरुण मंडळी विचारतात. २००१ सालीं कच्छांत भूकंप होऊन टेलिफोन मुके झाले, तेव्हां अशा हौशी लोकांचीं यंत्रें तेथें बोलत होतीं, असें उत्तर आम्ही देतों. तें खोटें नाहीं. पण मनांतील उत्तर निराळें आहे. आपल्या हातानें डाख लावून जोडलेलें यंत्र बोलूं लागलें म्हणजे जो आनंद होतो, त्यास दुसरें प्रयोजन लागत नाहीं. याच आनंदाच्या लोभानें, आवाज थोडा अधिक दूर जावा म्हणून आम्हीं अँप्लिफायर बांधावयास घेतला. त्यांत ८१३ या नांवाचा वीतभर उंचीचा कांचेचा व्हॉल्व्ह बसविला. त्याच्या माथ्यावरील टोपीस सुमारें दोन हजार व्होल्टचा दाब द्यावा लागतो.

अशा यंत्रांत कंडेन्सराशिवाय पाऊल पुढें पडत नाहीं. हल्लीं त्यास कपॅसिटर म्हणतात व पाठ्यपुस्तकांत धारित्र. पण पंखा दुरुस्त करणाऱ्या कारागिरापासून आमच्यापर्यंत सर्वांच्या तोंडीं कंडेन्सर हेंच नांव बसलें आहे. वस्तु मोठी साधी: धातूचे दोन पत्रे आणि त्यांच्यामध्यें वीज न जाऊं देणारा एक पडदा. १७४६ सालीं लायडेन येथील म्यूशेनब्रूक या प्राध्यापकास पाण्याच्या बरणींत वीज सांठवितांना असा जबर धक्का बसला कीं, त्यानें पत्र लिहून इतरांस हा प्रयोग न करण्याविषयीं बजाविलें. ती बरणी म्हणजे कंडेन्सरच होय. अँप्लिफायरमध्यें हा प्राणी तीन निरनिराळ्या नोकऱ्या करतो. एके ठिकाणीं तो वीज सांठविणारा कोठारी असतो, दुसऱ्या ठिकाणीं यंत्राचा सूर जुळविणारा साथीदार असतो, आणि तिसऱ्या ठिकाणीं द्वारपाल असतो. आमची गोष्ट या द्वारपालाची आहे.

व्हॉल्व्हच्या माथ्यावर दोन प्रकारची वीज एकत्र नांदते. एक दोन हजार व्होल्टची, एकाच दिशेनें रेटणारी. दुसरी सेकंदास कोट्यवधि वेळां उलटसुलट आंदोलणारी, जी एरिअलवाटे आकाशांत जावयाची. पहिलीस अडवावें व दुसरीस सोडावें, हें द्वारपालाचें काम. त्याचा पडदा फाटला तर दोन हजार व्होल्ट सूर जुळविणाऱ्या वेटोळ्यांतून निघून थेट घराबाहेरच्या तारेवर जाऊन बसतात.

दुकानांतल्या डब्यांतून आम्हीं उचलली ती रुपयाएवढी तांबूस चकती होती. तिच्यावर ‘६ केव्ही’ अशीं अक्षरें होतीं. आमच्या यंत्रांत दोन हजार, चकतीची ग्वाही सहा हजारांची. म्हणजे तिप्पट निर्धास्तपणा, असा हिशेब करून आम्हीं ती जोडली. दिवाळीपासून होळीपर्यंत तिनें बिनतक्रार काम केलें. शंभर हंस पांढरे दिसले म्हणून सर्व हंस पांढरेच असतात असें अनुमान करूं नये, हें विद्यार्थ्यांस आम्ही दरवर्षीं सांगतों. आणि शंभर दिवस टिकलेली चकती एकशें एकाव्या दिवशींहि टिकेल, असें मानून आम्ही दर संध्याकाळीं बटन दाबीत होतों.

आमचा हा उद्योग आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनीं पाहिला होता. पन्नास वर्षें या नादांत घालविलेले हे गृहस्थ, आम्ही त्यांस काका म्हणतों. त्यांनीं यंत्र पाहून एकच सूचना केली: एरिअलची तार जेथें यंत्रास जोडली जाते, तेथें तिच्यापासून जमिनीस जोडलेल्या यंत्राच्या पेटीपर्यंत जाड तारेचें एक वेटोळें, म्हणजे चोक, बसवा. हें वेटोळें आंदोलणाऱ्या विजेस जाऊं देत नाहीं, पण एकाच दिशेच्या विजेस मोकळी वाट देतें. द्वारपाल फितूर झालाच, तर दोन हजार व्होल्ट तारेवर न चढतां त्या वाटेनें जमिनींत जातात व फ्यूज उडतो. आम्हीं तें वेटोळें बसविलें खरें. परंतु मनांत म्हटलें कीं, नव्या मोटारीस लिंबू-मिरची बांधतात त्यांतलाच हा प्रकार.

पुढें चैत्रांतल्या एका रविवारीं दुपारीं आम्ही यंत्रापाशीं बसलों होतों. ‘फट्’ असा बारीकसा आवाज झाला, दिव्याचा उजेड एकदां लवला आणि सर्व शांत झालें. फ्यूज उडाला होता. आम्हीं चडफडत नवा फ्यूज घातला, तोहि उडाला. मग वीज तोडली, सांठलेली वीज जमिनींत उतरविली आणि पेटी उघडली. तांबूस चकतीस केंसासारखा तडा गेला होता. मीटर लावून पाहिला तर तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाट मोकळी! पडदा म्हणून तेथें कांहीं उरलेंच नव्हतें.

ती वीज कोठें गेली असती, हा विचार त्यानंतर आला. आम्ही धांवतच गच्चीवर गेलों. कुरडया वाळत घातलेल्या बाजेच्या पलीकडे कठड्याशीं उभी राहून आमची सौ. ओल्या चादरी झटकून दोरीवर टाकीत होती, आणि तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर आमच्या एरिअलची तार होती. तार माणसाच्या हाताच्या टप्प्यांत ठेवणें हाच आमचा मूळचा अपराध. तो कोणत्याहि दुकानदाराच्या माथीं मारतां यावयाचा नाहीं. नुसत्या रेडिओच्या विजेचाहि बोटास चटका बसतो व बोट भाजतें. पण दोन हजार व्होल्टची दुसरी वीज ओल्या हातास लागली असती तर काय झालें असतें, हें आजहि लिहवत नाहीं. आम्हांस पाहून ती म्हणाली, “अहो, पुनः कांहीं जळलं वाटतं? खाली वास येत असेल.” आम्हीं “फ्यूज गेला” एवढेंच सांगितलें. तर्कशास्त्रदृष्ट्या तें विधान सत्य होतें.

त्याच संध्याकाळीं तडकलेली चकती घेऊन आम्ही काकांकडे गेलों. त्यांनीं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “प्रोफेसर, किती व्होल्ट हें सगळेच विचारतात. किती अँपिअर सोसतो आणि तापल्यावर कसा वागतो, हें कोणी विचारीत नाहीं.” त्यानंतर त्यांनीं जें समजाविलें तें कोणत्याहि हौशी माणसाच्या उपयोगी पडेल, म्हणून थोडक्यांत देतों.

व्होल्टचा आंकडा हा पडदा किती रेटा सोसतो एवढेंच सांगतो. परंतु आंदोलणारी वीज कंडेन्सरांतून सतत ये-जा करीत असते, आणि प्रत्येक फेरींत तिचा थोडा अंश उष्णतेच्या रूपानें आंत राहतो. कंडेन्सरांतील रोध अवघा एक ओहम असला आणि त्यांतून तीन अँपिअर वाहूं लागले, तर नऊ वॅट उष्णता होते. नखाएवढ्या वस्तूनें ती सोसावी तरी कशी? एरिअलच्या बाजूचे सूर जुळविणारे कंडेन्सर यामुळेंच फसवितात: तेथें दाब थोडा असतो, म्हणून मनुष्य स्वस्तांतला घेतो, आणि तो प्रवाहानें भाजून मरतो.

चिनी मातीच्या चकत्यांतहि दोन जाती आहेत. बेरियम टायटनेटच्या चकत्या लहान अंगांत पुष्कळ सांठवितात, पण त्यांचा स्वभाव चंचल. ‘वाय-५-व्ही’ या जातीची धारणशक्ति उष्णतेनें वा थंडीनें ८२ टक्क्यांपर्यंत घटूं शकते, आणि दाब चढला म्हणजे ती आणखी ओसरते. ‘एन-पी-शून्य’ ही जात आकारानें मोठी व महाग. परंतु तिची धारणशक्ति एका अंशामागें दशलक्षांत तीस भागांपलीकडे हलत नाहीं आणि ती तापते कमी. अभ्रकाचे कंडेन्सर तर या धंद्यांतले जुने घरंदाज. पूर्वीं बिहारांत व आतां झारखंडांत असलेल्या कोडरमाच्या खाणींतील अभ्रक एके काळीं त्यासाठीं जगभर जात असे. पण अभ्रकाचा पडदा एकदां फुटला कीं फुटला. हवेच्या कंडेन्सरांत ठिणगी उडाली तरी हवा पुनः भरून येते. म्हणून फिरवून सूर जुळविण्यास हवेचाच कंडेन्सर बरा.

कोठाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. तेथें ॲल्युमिनियमचे इलेक्ट्रोलिटिक लागतात. आमच्या यंत्रांत ४५० व्होल्टचे, ४७० मायक्रोफॅरडचे सहा, एकापुढें एक जोडले आहेत. भार नसतां दाब २४०० व्होल्टपर्यंत चढतो आणि तेव्हां त्यांत सुमारें २२५ जूल शक्ति सांठते. बंद पडूं पाहणारें हृदय चालू करण्यासाठीं डॉक्टर जो धक्का देतात, त्याच पंक्तीची ही शक्ति. प्रत्येकावर एक लाख ओहमचा रोधक बसविला म्हणजे दाब सहांमध्यें समान वांटला जातो, आणि वीज तोडल्यावर सुमारें तीन मिनिटांत तो पन्नास व्होल्टच्या खालीं येतो. पण रोधकहि तुटूं शकतो. शिवाय रिकामा केलेला कंडेन्सर थोड्या वेळानें आपण होऊन पुनः कांहीं दाब धरतो. म्हणून पांच मिनिटें थांबून, मीटर पाहून, लांकडी दांड्याच्या टोकास बांधलेली जमिनीची तार टेकवून, मगच काका पेटींत हात घालतात, आणि तोहि एकच. दुसरा हात खिशांत. सोलून नवें आवरण चढविलेले जुने इलेक्ट्रोलिटिकहि बाजारांत येतात. त्यामुळें ज्याच्या कारखान्याचें नांव व गुणपत्रक मिळत नाहीं, तो फुकट मिळाला तरी घेऊं नये, असा त्यांचा दंडक आहे.

आतां आमच्या यंत्रांत द्वारपाल म्हणून दाराच्या मुठीएवढा, दोन्हीं टोकांस मळसूत्र असलेला चिनी मातीचा जाडजूड कंडेन्सर बसला आहे. नवा कंडेन्सर घातला कीं आम्ही यंत्र मिनिटभर चालवितों, वीज तोडून उतरवितों, मग त्यास बोट लावून पाहतों; कोमट लागला तरी बदलतों. एरिअलची तार आतां दोन पुरुष उंचीवर गेली आहे. तें वेटोळेंहि जागच्या जागीं आहे. त्याला आम्ही लिंबू-मिरची म्हणत नाहीं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. ‘फ्यूज गेला’ याच्यापुढचें वाक्य आम्हीं घरांत अजून उच्चारलेलें नाहीं. हें मासिक आमच्या घरीं येतें, आणि आमच्या आधीं तें सौ. वाचते. तेव्हां तें वाक्य या निबंधाच्या रूपानें येथें पुरें करीत आहों.