मॅन्सफील्डसाहेबांची बाग

मोठ्या माणसांच्या बागा आपण बहुधा कुंपणाबाहेरून पाहतो. म्हणूनच त्या फार सुंदर दिसतात! लंडनच्या उत्तरेस, हॅम्पस्टेडच्या माळाला लागून केनवुड नावाची हवेली आहे. तिच्या बागेत मात्र कुणीही खुशाल शिरावे नि हिंडावे.

हवेलीपुढे हिरवळीचा उतार, खाली तळे आणि तळ्याच्या टोकाशी पांढराशुभ्र पूल. लांबून पाहावे तर मोठा ऐटदार! जवळ गेले की कळते, हा पूलच नव्हे. नाटकातल्या देखाव्यासारखी नुसती लाकडी दर्शनी बाजू. अठराव्या शतकातल्या श्रीमंतांची ही हौस. पूल ओलांडायचा नव्हताच, घरातून पाहायचा होता.

हवेली होती सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांची. जेम्स सॉमरसेट या गुलामाला बळजबरीने इंग्लंडबाहेर नेता येणार नाही, असा निकाल १७७२ साली देणारे ते हेच. त्यांच्याच घरी डायडो बेल वाढत होती. भाच्याची मुलगी, पण आई गुलाम, काळी. डायडो शिकली, दूधदुभते नि कोंबड्या सांभाळू लागली. १७७९ साली आलेल्या एका पाहुण्याने लिहून ठेवले आहे, की ती जेवायला सर्वांबरोबर नव्हती. जेवणे आटोपून बायका कॉफीला बसल्या, तेव्हा आली. घरात माया होती, पंगतीत पान नव्हते! ती स्वतंत्र आहे, हे म्हाताऱ्याने मृत्युपत्रात मुद्दाम नमूद केले आणि तिला वर्षाला शंभर पौंड लावून दिले.

पुढे वारसांनी जमीन घरबांधणीसाठी विकायला काढली. नागरिकांनी वर्गण्या जमवून बरीचशी वाचवली. हवेली आणि उरलेले ७४ एकर १९२५ साली लॉर्ड आयव्ही या बीअरच्या कारखानदाराने विकत घेतले, आणि १९२७ साली मरताना ते सारे, रेम्ब्रां नि व्हर्मेर यांच्या चित्रांसकट, जनतेला देऊन टाकले. १९२८ साली दारे उघडली. आजही हवेली पाहायला तिकीट नाही.

आता त्याच हिरवळीवर लोक डबे सोडून बसतात. कोण कुणाशेजारी बसले, हे कुणी विचारीत नाही. मुले पळत तळ्याला वळसा घालतात आणि पुलाच्या मागच्या फळ्या पाहून खदखदा हसतात. हवेली धन्याची होती तोवर तिथला देखावा खिडकीतून पाहायचा होता. लोकांची झाली, तेव्हा मागची बाजूही दिसू लागली. बाग सार्वजनिक होणे म्हणजे आणखी काय असते?